झिंगराजींचा मुलगा



मागच्या महिन्यात रविवारची मिस्सा संपल्यावर आपल्यातील एक भगिनी मागे थांबल्या. चर्च रिकामे होईपर्यंत त्या बाकावरच बसून होत्या. मग जवळ आल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. त्यांचे पती गेली अनेक वर्षे दारू पितात हे मला ठाऊक होते. पण प्रश्न पतीबद्दल नव्हता, मुलाबद्दल होता. मुलगा आता मोठा होत चालला आहे. बापाचे पाहून, बापाचेच रक्त अंगात असल्यामुळे, हाही पुढे तसाच होणार का, असे त्या विचारत होत्या. त्यांची परवानगी घेऊनच मी हे लिहीत आहे.

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो. माणसाची इच्छा स्वतंत्र असते की ती सवयीची दासी असते, यावर आम्ही तेव्हा पानेच्या पाने लिहिली. त्या दिवशी त्यातले एकही पान कामी आले नाही. मी प्रार्थना करीन, एवढेच म्हणालो आणि त्या घरी गेल्या. रात्री मात्र मला एका माणसाचे चरित्र आठवले. त्या माऊलीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे असे मला वाटते. तो माणूस म्हणजे संत गाडगेबाबा.

गाडगेबाबांचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या वर्गात ते असते. हातात खराटा, अंगावर ठिगळांचे कपडे आणि जवळ मातीचे फुटके गाडगे. २०००-०१ साली राज्य शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले आणि गाडगेबाबा म्हणजे झाडू, हे आपल्या डोक्यात पक्के बसले. पण हा माणूस एका दारुड्या बापाचा मुलगा होता, हे आपण सहसा सांगत नाही.

शेंडगावचे घर

आपल्या पूर्णा जंक्शनवरून हिंगोली, वाशिम करत गाडी अकोल्याला जाते. तिथून पुढे अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचे खेडे आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी आणि सखुबाई जाणोरकर या परीट दांपत्याच्या पोटी मुलगा जन्मला. त्याचे नाव डेबूजी.

झिंगराजींचे घर मूळचे उपाशी नव्हते. मग ते उपाशी कसे झाले? कोणीही माणूस एका दिवसात दारुडा होत नाही. त्या काळी समाजाची रीतच अशी होती की बारसे असो, लग्न असो, दिवस घालायचे असोत की देवाचा नवस फेडायचा असो, बोकड कापायचा आणि दारू वाटायची. जो वाटणार नाही त्याला भाऊबंद नावे ठेवणार. म्हणजे झिंगराजींच्या हाती पहिला पेला शत्रूने दिला नाही. तो मानाने दिला गेला, पंगतीत दिला गेला, देवाच्या नावाने दिला गेला. पुढे पंगत उठली तरी पेला सुटला नाही. होते नव्हते ते दारूत गेले, कर्ज झाले, शरीर खचले. १८८४ साली झिंगराजी वारले. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा होता.

त्यांच्या चरित्रांत असे सांगितले आहे की शेवटच्या दिवसांत झिंगराजींचे डोळे उघडले. आपले वाटोळे कशामुळे झाले हे त्यांनी सखुबाईंना स्पष्ट सांगितले. दारू मागणाऱ्या आणि बोकड मागणाऱ्या देवाच्या वाऱ्यालाही मुलाला उभे करू नकोस, असे त्यांनी बजावले. मरणाऱ्या बापाजवळ मुलाला देण्यासाठी शेत उरले नव्हते. त्याने आपली चूक कबूल करून तेवढीच मुलाच्या हवाली केली. बंधुभगिनींनो, हा मोठा वारसा आहे. आपल्यातले कितीतरी बाप शेवटपर्यंत तेवढेही देत नाहीत.

दुसरा एक मनुष्य

योगायोगाने त्याच १८८४ साली, इथून हजारो मैल दूर, आयर्लंडमधील डब्लिन शहरात मॅट टॅल्बट नावाच्या २८ वर्षांच्या मजुराने दारू सोडली. आपल्यातील काहींनी हे नाव ऐकले असेल. ख्रिस्तसभेने १९७५ साली त्यांना पूजनीय म्हणून घोषित केले. वयाच्या बाराव्या वर्षी कामाला लागल्यावर त्यांना दारूची चटक लागली. मजुरी सगळी गुत्त्यात जात असे. एकदा खिशात दमडी नव्हती म्हणून ते गुत्त्याबाहेर उभे राहिले. ज्यांना आजवर पाजले त्यांपैकी कोणीतरी आपल्याला आत बोलावील, अशी त्यांना आशा होती. कोणीही बोलावले नाही. ते घरी परतले आणि त्यांनी आईला सांगितले की मी दारू सोडण्याची शपथ घेणार आहे. शपथ आधी तीन महिन्यांपुरती घेतली, मग वाढवली, मग जन्मभराची केली. १९२५ साली मरण येईपर्यंत त्यांनी थेंबाला स्पर्श केला नाही.

दोघेही कष्टकरी, दोघांनाही एकच रोग. टॅल्बट वाचले, झिंगराजी गेले. एक बलवान आणि दुसरा दुबळा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. टॅल्बट यांच्या मित्रांनी, भले कंजूषपणाने का होईना, त्या दिवशी पाजले नाही. झिंगराजींना पाजणारी पंगत कधी थांबलीच नाही.

मामाच्या घरी

सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी आल्या. मामा चंद्रभानजी यांच्याकडे डेबूजी गुरे राखू लागला. शाळा मिळाली नाही. पण हाताला काम मिळाले आणि ते त्याने जीव लावून केले. गोठा लख्ख ठेवला, जनावरे धुतली, पुढे नांगर धरला. गावातील पोरे जमवून भजन करू लागला. कोणत्या जातीचा मुलगा आहे हे न पाहता सगळ्यांसोबत शिदोरी खाऊ लागला.

मग दुसरे संकट आले. मामांची शेती सावकाराच्या कर्जात अडकली. मामा अक्षरशत्रू, कागदावर काय लिहिले आहे ते त्यांना कळेना. त्या धक्क्याने ते खचले आणि वारले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी आडवा उभा राहिला आणि त्यांना परत जावे लागले. एका घराचा नाश दारूने झालेला त्याने लहानपणी पाहिला, दुसऱ्याचा नाश कर्जाने होताना तरुणपणी पाहिला. पुढे पन्नास वर्षे त्यांनी कीर्तनांत जे सांगितले ते या दोन घरांतून आलेले आहे. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, मुलांना शिकवा.

१८९२ साली डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी झाली, आलोका. बारशाचा दिवस आला. भाऊबंद जमले. रीतीप्रमाणे बोकड आणि दारू येणार, अशी सर्वांची खात्री होती. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले.

हे वाक्य आज वाचायला साधे वाटते. पण खेड्यात, जातीच्या पंगतीत, एका गरीब तरुणाने हे करणे म्हणजे काय ते आपल्याला चांगले समजते. लोक रागावले, रीत मोडली म्हणाले. डेबूजी मागे हटले नाहीत. गाडगेबाबांचे पहिले कीर्तन ते हेच, असे मला वाटते. त्यात शब्द नव्हते, फक्त ताटात वाढलेला पदार्थ होता. ज्या वाटेने दारू त्यांच्या बापाच्या हाती आली होती, नेमकी तीच वाट त्यांनी आपल्या घरात बंद केली.

ऋणमोचन

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजी घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी खायची, त्यातच पाणी प्यायचे. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणू लागले, मग गाडगेबाबा. ज्या गावात जात ते गाव आधी झाडून काढत आणि रात्री कीर्तन करत.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. ही पूर्णा आपल्या येलदरीची नव्हे. आपली गोदावरीला मिळते, ती तापीला. पौष महिन्यात तिथे जत्रा भरते. लोक नदीत स्नान करून ऋणातून सुटण्याची प्रार्थना करतात. काठ निसरडा होता, चिखलात लोक पडत. गाडगेबाबांनी वर्गणी जमवली, स्वतः घमेली वाहिली आणि तिथे दगडी घाट बांधून घेतला. जिथे लोक ऋण फिटावे म्हणून डुबकी मारत होते, तिथेच उभे राहून, ऋण डुबकीने फिटत नाही, कष्टाने आणि व्यसन सोडल्याने फिटते, हे ते सांगत राहिले.

त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरे असत. अस्सल वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या माणसांना विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. पिणाऱ्याला ते शिव्या देत नसत. पिणाऱ्याच्या बायकोच्या अंगावर काय आहे, पोराच्या ताटात काय आहे, हे त्यालाच विचारत.

१९२३ साली कोकणात खारेपाटणला असताना त्यांना आपला मुलगा गोविंद मरण पावल्याची बातमी आली. पिसाळलेला कुत्रा चावल्याचे निमित्त झाले होते. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. आपल्याकडे कोणी पिऊ लागला की आपण म्हणतो, बिचाऱ्यावर दुःख कोसळले म्हणून पितो. दुःख खरे असते, यात शंका नाही. पण ज्याच्यावर दुःख येते तो प्रत्येक जण पीत नाही. ते दुःख कुठेतरी ठेवायला जागा लागते. बाबांनी आपले दुःख लोकांच्या कामात ठेवले.

पुढे नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा नंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. त्यांनी उभ्या केलेल्या कोणत्याही संस्थेत आपल्या कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांनी कीर्तन केले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वाटेत वलगावजवळ त्यांचे प्राण गेले. आज मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. तंबाखू आणि गुटख्याने तोंडाचा कॅन्सर झालेले कितीतरी जण झिंगराजींच्या मुलाच्या छपराखाली निजले आहेत.

त्या माऊलीला उत्तर

आता प्रश्नाकडे येतो. दारुड्याचा मुलगा दारुडाच होतो का?

डॉक्टर सांगतात की व्यसन हा आजार आहे. वारंवार पिण्याने मेंदूची घडणच अशी बदलते की माणसाला हवे म्हणून नव्हे, तर राहवत नाही म्हणून तो पितो. ज्याच्या घरात हा आजार आहे त्या मुलाला इतरांपेक्षा धोका अधिक असतो, हेही खरे. धोका म्हणजे मात्र विधिलिखित नव्हे. डेबूजीला काय मिळाले ते पाहा. आईने बापाचा आजार लपवला नाही, खरे सांगितले. मामाने घर आणि काम दिले. भजनाच्या मेळ्याने चांगली संगत दिली. आणि चौथी गोष्ट त्याने स्वतः केली, आपल्या ताटापासून नकार सुरू केला. यांपैकी तीन गोष्टी त्याला इतरांनी दिल्या. म्हणजे त्या मुलाचे काय होणार, हे एकट्या त्या मुलावर नाही, आपल्यावरही आहे.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. याच भगिनींच्या धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्याचे जेवण होते. पुढे मंडपात पाने मांडली होती. मागच्या बाजूला, गोठ्याच्या आडोशाला, बाटल्या उघडल्या जात होत्या आणि मुलीच्या बापाला आग्रह करून पाजले जात होते. मला दिसले. पाहुण्यांसमोर कशाला बोलायचे, म्हणून मी गोड खाल्ले, आशीर्वाद दिला आणि मोटारसायकलला किक मारली. डेबूजींना आपल्या लेकीच्या बारशाला जे जमले ते मला, धर्मगुरू असून, जमले नाही. त्या माऊलीसमोर मी गप्प का झालो, त्याचे कारण हे होते.

आपली ख्रिस्तसभा द्राक्षारसाला पाप म्हणत नाही. तो आपल्या वेदीवर असतो. पण ज्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे तिथे आपण त्याच्या हातात पेढ्यांचा डबा देत नाही. मग ज्याचा आजार दारू आहे, त्यालाच लग्नात, बाप्तिस्म्यात, नाताळात आणि मयतीच्या जेवणातही आपण आग्रह का करतो?

म्हणून माझी धर्मग्रामाला विनंती आहे. यापुढे बाप्तिस्म्याची आणि लग्नाची तारीख ठरवायला याल तेव्हा मी जेवणाबद्दलही विचारीन. कृपया रागावू नका. मागच्या आडोशाला बाटल्या असतील तर मी पुढच्या मंडपात बसणार नाही. ही शिक्षा नाही, उशिरा केलेली सुरुवात आहे.

आणि ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना दोन गोष्टी सांगतो. पहिली, अनेक वर्षे रोज पिणाऱ्याला एकदम दारू तोडायला लावू नका. हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे जीवघेणे त्रास होऊ शकतात. आधी डॉक्टरांना दाखवा. दुसरी, हे एकट्याने पेलू नका. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यपींनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ निघाली. तिच्या सभांना फी नसते आणि तिथे आडनाव कोणी विचारत नाही. पुन्हा प्यायला लागला म्हणून माणूस संपला असे समजू नका. टॅल्बट यांनी शपथ आधी तीनच महिन्यांची घेतली होती, हे लक्षात ठेवा. ज्यांना यायचे असेल त्यांनी माझ्याकडे यावे, रात्री उशिरा आले तरी चालेल. आपण सोबत जाऊ.

त्या भगिनींच्या घरी मी मागच्या गुरुवारी जाऊन आलो. मुलगा अंगणात सायकलची चेन बसवत होता. मी त्याला डेबूजीची गोष्ट सांगितली, बापाच्या मरणासकट. बाप आत खाटेवर होता, त्यालाही ऐकू जात होते. मी आवाज कमी केला नाही. निघताना ते दारापर्यंत आले आणि डॉक्टरांकडे कोणत्या वारी जायचे, असे त्यांनी विचारले. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. या रविवारी त्या घरासाठी एक प्रार्थना करा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
फादर